बीडमध्ये टार्गेट शूटिंगसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळते का? कायदा काय सांगतो आणि खेळाला काय लागतं?

लांब नळी, वर दुर्बीण, पुढे जमिनीवर टेकवलेले दोन पाय. पोटावर झोपलेला नेमबाज चाप ओढतो आणि हजार मीटरवरची लोखंडी पट्टी दीड-दोन सेकंदांनी वाजते. अमेरिकेतल्या मैदानांवर काढलेले असे व्हिडिओ आता गावोगावच्या मोबाईलवर पोहोचले आहेत. ते पाहिल्यावर अनेकांना साधा प्रश्न पडतो, अशी रायफल आपल्याला घेता येईल का? शिकार नको, भांडण नको, फक्त नेम धरायचा आहे.

छोटं उत्तर असं की सेमी-ऑटोमॅटिक 'मार्क्समन' रायफल सामान्य नागरिकाला भारतात मिळत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, लांबच्या नेमबाजीसाठी तिची गरजही नसते.

हाच प्रश्न बीड जिल्ह्यात विचारला, तर त्याचा सूर बदलतो. गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात बंदुकीचा विषय निघाला तो खेळामुळे नाही. त्यामुळे कायदा, खेळ आणि बीडची परिस्थिती या तिन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊया.

बीडमध्ये बंदुकीच्या परवान्यांवर एवढी चर्चा का झाली?

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि मारहाण करून त्यांची हत्या करण्यात आली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचं तपासात पुढे आलं. राज्यभर संताप उसळला, मोर्चे निघाले आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकपदी नवनीत काँवत यांची नेमणूक झाली.

ही हत्या बंदुकीने झालेली नव्हती. तरीही तिच्यानंतर जिल्ह्यातल्या बंदुकांचा हिशेब मागितला गेला. त्यामागे कारण होतं. कमरेला पिस्तूल लावलेले फोटो, मिरवणुकीत किंवा नव्या गाडीच्या पूजेला हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ लोकांनी आधीपासून पाहिले होते. परळीत जून २०२४ मध्ये एका सरपंचाचा गोळीबारात मृत्यूही झाला होता. दहशत कशी तयार होते याची चर्चा सुरू झाली, तेव्हा हे जुने व्हिडिओ पुन्हा वर आले.

सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आकडे मांडले: बीडमध्ये १,२२२ शस्त्र परवाने आणि शेजारच्या परभणीत फक्त ३२. हा फरक पाहून साहजिकच प्रश्न उभा राहिला, की बीडमधल्या एवढ्या लोकांच्या जिवाला धोका आहे का? पोलिसांनी परवान्यांची छाननी सुरू केली. गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने रद्द करण्याचे प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेले आणि पुढच्या काही महिन्यांत शंभराहून अधिक परवाने रद्द झाले.

अशा जिल्ह्यात एखादा तरुण 'मला नेमबाजीसाठी रायफल हवी' म्हणाला, तर समोरच्या अधिकाऱ्याच्या मनात आधी शंका येणार. ती शंका समजण्यासारखी आहे. पण खऱ्या खेळाडूसाठी ती अडचणही आहे. म्हणून कोणती बंदूक खेळाची, कोणती स्वसंरक्षणाची आणि कोणती फक्त सैन्याची, हे आधी स्पष्ट असायला हवं.

'सेमी-ऑटोमॅटिक मार्क्समन रायफल' म्हणजे काय?

बोल्ट अ‍ॅक्शन रायफलमध्ये एक गोळी झाडल्यावर हाताने खटका मागे ओढावा लागतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, खटका पुढे ढकलला की नवं काडतूस नळीत बसतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूक स्वतः करते. झाडलेल्या गोळीच्या मागे तयार झालेला वायू किंवा मागे बसणारा धक्का वापरून ती पुढचं काडतूस भरते. दर गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावाच लागतो. चाप दाबून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात, ती पूर्ण स्वयंचलित बंदूक. ही वेगळी गोष्ट आहे.

'मार्क्समन रायफल' ही कल्पना सैन्यातून आली. पायदळाच्या तुकडीत बहुतेक जवानांकडे तीनशे ते चारशे मीटरपर्यंत उपयोगी पडणारी रायफल असते. त्यापुढचं लक्ष्य टिपण्यासाठी तुकडीतल्याच एका चांगल्या नेमबाजाला दुर्बीण लावलेली, जास्त ताकदीचं काडतूस वापरणारी रायफल दिली जाते. सोव्हिएत संघाने १९६३ मध्ये सैन्यात आणलेली ड्रॅगुनोव्ह हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. भारतीय सैन्यानेही ती अनेक दशकं वापरली.

या तुकडीतल्या नेमबाजाला सेमी-ऑटोमॅटिक का लागते? कारण त्याचं लक्ष्य हलतं, लपतं आणि उलट गोळी झाडतं. पहिली गोळी चुकली तर दुसरी लगेच जायला हवी. म्हणजे ही रायफल बनली ती लढाईतल्या घाईसाठी. कागदी टार्गेट कुठेही पळून जात नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतात शस्त्रांचा कारभार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या आधारे चालतो. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. बोलीभाषेत त्याचे दोन भाग होतात: 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणजे प्रतिबंधित आणि 'नॉन-प्रोहिबिटेड बोअर' म्हणजे परवान्यावर मिळू शकणारी शस्त्रं.

सेमी-ऑटोमॅटिक बंदुका पहिल्या म्हणजे प्रतिबंधित वर्गात मोडतात. परवानगी मिळणारी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर यांना त्यातून वगळलं आहे. इथेच अनेकांचा गोंधळ होतो. '.३२ चं पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक असूनही मिळतं, मग रायफल का नाही?' असं विचारलं जातं. कारण नियमाने पिस्तुलांचा वर्ग वेगळा ठेवला आहे. रायफलला ही सूट नाही.

दुसरी अट काडतुसाची आहे. ज्या रायफलमध्ये .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचं सैनिकी काडतूस बसतं आणि झाडता येतं, ती बोल्ट अ‍ॅक्शन असली तरी प्रतिबंधित आहे. परदेशात लांब पल्ल्याच्या नेमबाजीत .३०८ हे काडतूस फार लोकप्रिय आहे. ते सैनिकी ७.६२ चंच नागरी भावंड. म्हणून परदेशी व्हिडिओत 'सुरुवात करणाऱ्यांसाठी उत्तम' म्हणून सांगितली जाणारी .३०८ रायफल आपल्याकडे प्रतिबंधित ठरते.

प्रतिबंधित शस्त्रासाठी जिल्हाधिकारी परवाना देऊ शकत नाहीत. कायद्याच्या कलम ७ नुसार त्यासाठी केंद्र सरकारची विशेष परवानगी लागते. ती सहसा जिवाला गंभीर धोका असलेल्या मोजक्या व्यक्तींचाच विचार करून दिली जाते. 'मला छंद आहे' हे त्यासाठी कारण होत नाही.

विनापरवानगी असं शस्त्र बाळगलं तर काय होतं? २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि कमाल १४ वर्षं कारावास आहे. साधं विनापरवाना शस्त्र, म्हणजे ज्याला आपण गावठी कट्टा म्हणतो, त्यासाठीही किमान २ आणि कमाल ५ वर्षांची तरतूद आहे. म्हणून कोणी 'कागद नंतर करू, माल आधी घे' असं सांगत असेल, तर तो तुम्हाला खेळाकडे नाही, तुरुंगाकडे नेतो आहे.

आणखी एक मूलभूत मुद्दा. अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, भारताच्या राज्यघटनेत तसा मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना हा फरक दाखवून दिला होता. व्हिडिओ अमेरिकेचा आणि पाहणारा अंबाजोगाईचा असेल, तर मधला हा फरक लक्षात ठेवावाच लागतो.

पण खेळाडूंना सवलत असते ना?

असते, आणि ती बरीच मोठी आहे.

२०१९ पूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. दुरुस्तीनंतर ही संख्या दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. खेळाडूंचं नुकसान होऊ नये म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये स्वतंत्र अधिसूचना काढली. त्यानुसार नामांकित नेमबाज एका प्रकारात खेळत असेल तर आठ, दोन प्रकारांत खेळत असेल तर दहा आणि त्याहून जास्त प्रकारांत खेळत असेल तर बारा शस्त्रं ठेवू शकतो. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांनाही सवलत आहे. वर्षभरात वापरता येणाऱ्या काडतुसांची मर्यादाही वाढवण्यात आली, कारण सराव करणारा नेमबाज महिन्याभरातच शेकडो गोळ्या संपवतो.

'नामांकित नेमबाज' ही पदवी मात्र स्वतःची स्वतः लावता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत उतरून ठरलेले किमान गुण मिळवावे लागतात. म्हणजे आधी कामगिरी, मग सवलत. आधी रायफल घेऊन मग खेळाडू व्हायचं, असा उलटा रस्ता कायद्यात नाही.

कायद्यातली दुसरी तरतूद याहून जास्त कामाची आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कलम १३ नुसार, केंद्र सरकारची मान्यता किंवा परवाना असलेल्या रायफल क्लबचा सदस्य टार्गेट सरावासाठी पॉइंट २२ रायफल मागत असेल, तर परवाना देणारा अधिकारी त्याच्याकडून 'सबळ कारण' मागत बसत नाही. कायदा त्या मागणीला वेगळी वागणूक देतो. पिस्तूल किंवा मोठ्या बोअरच्या रायफलसाठी मात्र अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. चारित्र्य पडताळणी आणि पोलीस अहवाल अर्थातच दोन्हीकडे लागतो.

म्हणजे 'नेमबाजीसाठी कोणती रायफल?' या प्रश्नाचं उत्तर कायद्याने १९५९ मध्येच सुचवून ठेवलं आहे: पॉइंट २२.

नेमबाजीला सेमी-ऑटोमॅटिकची गरज का नाही?

आता खेळाच्या बाजूने पाहू. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी तर त्याही आधी मराठी घरांत रायफल नेमबाजीचं नाव पोहोचवलं.

ऑलिम्पिकच्या या रायफल प्रकारांत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. एक गोळी भरायची, झाडायची, पुन्हा भरायची. स्वप्नीलने पात्रता फेरीत ६० गोळ्यांमध्ये ६०० पैकी ५९० गुण मिळवले, ते असे एकेक गोळी भरून.

याचं कारण यांत्रिक आहे. अचूकतेसाठी प्रत्येक गोळीच्या वेळी रायफल अगदी सारखीच वागायला हवी. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये खटका बंद झाला की सगळं घट्ट बसतं आणि गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत काहीही हलत नाही. नळीला कुठेही स्पर्श होऊ नये अशी तिची बैठक करता येते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये वायू ओढून घेणारी नळी, दट्ट्या, स्प्रिंग असे हलणारे भाग जास्त. चांगली बनवलेली सेमी-ऑटोमॅटिकही खूप अचूक असू शकते, पण तेवढी अचूकता मिळवायला पैसा आणि देखभाल जास्त लागते. सैनिकाला मिळणारा वेग हा तिचा फायदा. निवांत, एकेक गोळी मोजून झाडणाऱ्या खेळाडूला त्या वेगाचा उपयोग नाही.

शिकणाऱ्यासाठी तर सेमी-ऑटोमॅटिक तोट्याचीच. दुसरी गोळी आपोआप तयार असली की पहिली गोळी का चुकली याचा विचार न करता माणूस पुन्हा चाप ओढतो. हाताने गोळी भरताना मिळणाऱ्या पाच-दहा सेकंदांत श्वास, खांदा, गाल आणि नजर पुन्हा जागेवर आणता येते. प्रशिक्षक ज्याला शिस्त म्हणतात, ती इथेच लागते.

५० मीटर म्हणजे 'जवळ' का?

'पण मला लांबचं मारायचं आहे, ५० मीटरमध्ये काय मजा?' असं वाटू शकतं. थोडं गणित करून पाहू.

५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं. ३०० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. अंतर सहापट आहे, म्हणून ५० मीटरचं वर्तुळ सहापट करून पाहा: ६२.४ मिलिमीटर. म्हणजे ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ ३०० मीटरवरच्यापेक्षा डोळ्याला लहान दिसतं. गोळीची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो, हे धरूनही ५० मीटरचं टार्गेट सोपं ठरत नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

लांब अंतरावर कठीण होतं ते वारा आणि गुरुत्वाकर्षणामुळे. शंभर मीटरवर नेम जुळवलेल्या .३०८ ची गोळी हजार मीटरवर पोहोचेपर्यंत दहा मीटरहून जास्त खाली येते आणि तिला दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात वारा तिला बाजूला ढकलतो. वारा वाचायला शिकणं हीच लांब नेमबाजीची खरी विद्या.

ही विद्या पॉइंट २२ वर शिकता येते. तिची गोळी हलकी आणि मंद, साधारण आवाजाच्या वेगाच्या आसपास जाणारी. त्यामुळे ५० मीटरवरही वाऱ्याची झुळूक तिला दहाच्या बाहेर नेते. मोठ्या रायफलवर काही शे मीटरवर येणारी अडचण ती शाळेच्या मैदानाएवढ्या जागेत दाखवते. धक्का नगण्य आणि काडतूस मोठ्या रायफलपेक्षा खूप स्वस्त.

हजार यार्डांवर टार्गेट रायफलच्या स्पर्धा जगात होतात. इंग्लंडमधल्या बिस्ली इथल्या स्पर्धा दीडशेहून अधिक वर्षं जुन्या परंपरेतल्या आहेत. तिथल्या पारंपरिक टार्गेट रायफल प्रकारातही एकेक गोळी भरूनच झाडतात. भारतात ३०० मीटरचे मोठ्या बोअरचे प्रकार मुख्यतः लष्कर आणि निमलष्करी दलांतल्या नेमबाजांच्या हातात आहेत. मध्य प्रदेशातल्या महू इथे लष्कराचं आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. एखाद्या तरुणाला खरोखरच ७.६२ ची रायफल चालवायची असेल, तर त्याचा कायदेशीर रस्ता भरतीच्या मैदानातून जातो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेला आणि तिथेच घडून स्टीपलचेसमध्ये ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. बीडच्या मुलांना हा रस्ता नवा नाही.

मग सुरुवात कशी करायची?

पहिली पायरी एअर रायफल. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली एअर रायफल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. १० मीटर हा ऑलिम्पिक प्रकार याच रायफलवर खेळला जातो. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते, पण शिकायला ती पहिल्या दिवशी लागत नाही.

दुसरी पायरी मान्यताप्राप्त रायफल क्लब. क्लबमध्ये प्रशिक्षक असतो, सुरक्षित रेंज असते आणि क्लबची शस्त्रं असतात. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात आहे. सर्वसाधारणपणे २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही, पण नेमबाजी शिकणाऱ्या मुलांना देखरेखीखाली सराव करण्याची वाट नियमांनी खुली ठेवली आहे.

तिसरी पायरी पॉइंट २२ ची. क्लबच्या रायफलवर हात बसल्यावर, गुण सुधारल्यावर स्वतःच्या रायफलसाठी अर्ज. बीड जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो. अर्जदाराला शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पोलीस पडताळणी होते आणि मिळालेल्या परवान्याची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये क्रमांकासह होते.

परवाना मिळाला म्हणून बालाघाटाच्या डोंगरात किंवा शेताच्या बांधावर बाटल्या फोडता येतात असं मात्र नाही. पॉइंट २२ ची छोटी गोळीही दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, मोठ्या रायफलची त्याहून कितीतरी लांब. मागे गोळी अडवणारा मातीचा बांध नसेल तर ती कुठे जाऊन थांबेल हे झाडणाऱ्याला कळत नाही. माळावर कोणी शेळ्या राखत असतं, कोणी कापूस वेचत असतं. म्हणून सराव फक्त रेंजवर.

मिरवण्याला कायद्यात जागा आहे का?

नाही. परवान्याची बंदूकसुद्धा सार्वजनिक ठिकाणी उघडी घेऊन फिरता येत नाही. पिस्तूल म्यानात आणि मोठी बंदूक पिशवीत असावी लागते. सार्वजनिक जागी ती परजणं किंवा झाडणं नियमाने बंद आहे.

लग्नात, वरातीत, विजयाच्या मिरवणुकीत हवेत गोळी झाडण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र कलमच आणलं. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय परवाना जातो तो वेगळाच. रील पोस्ट करणारा स्वतःच्याच हाताने पुरावा तयार करून देत असतो, हेही विसरू नये.

परवाने रद्द करणं पुरेसं आहे का?

बीडमध्ये झालेली छाननी गरजेची होती, यात शंका नाही. पण तिचे काही पैलू नीट पाहायला हवेत.

पहिला पैलू कायदेशीर. कलम १७ नुसार सार्वजनिक शांतता आणि सुरक्षेसाठी परवाना रद्द करता येतो, पण कारण लेखी नोंदवावं लागतं आणि संबंधिताला अपिलाचा हक्क असतो. गुन्हा दाखल होणं आणि गुन्हा सिद्ध होणं यात फरक आहे. म्हणून घाईत, एकाच साच्यात काढलेला आदेश अपिलात टिकत नाही. दहशत माजवणाऱ्याला त्याचा परवाना तांत्रिक कारणावर परत मिळाला, तर छाननीचा उलटा परिणाम होईल.

दुसरा पैलू असा की परवाने रद्द केल्याने गावठी कट्टे कमी होत नाहीत. ज्याला परवान्याची पर्वा नाही, त्याच्यावर छाननीचा परिणाम शून्य. तिथे लागते ती विक्रीच्या साखळीपर्यंत जाणारी पोलीस कारवाई.

तिसरा पैलू हेतूचा. 'बाराशे परवाने' हा आकडा धक्का देतो, पण त्यात सगळ्या तऱ्हेचे लोक येतात. बँकेचा किंवा एटीएमच्या गाडीचा सुरक्षारक्षक, ज्याची नोकरीच बंदुकीवर आहे असा माजी सैनिक, रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेला शेतकरी, वडिलांची बारा बोअर वारशाने मिळालेला माणूस आणि कमरेला पिस्तूल लावून ठेक्याच्या बैठकीला जाणारा कार्यकर्ता. एकूण संख्येवरून यातला कोण किती हे कळत नाही. जिल्हा प्रशासनाने नावं न देता केवळ हेतूनुसार आकडे जाहीर केले, तरी लोकांना चित्र स्पष्ट दिसेल: स्वसंरक्षणासाठी किती, नोकरीसाठी किती, पीक संरक्षणासाठी किती, खेळासाठी किती. परवाना देताना दाखवलेला धोका पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी अजून शिल्लक आहे का, हेही तेव्हाच तपासता येईल.

आणि चौथा पैलू खेळाचा. बंदुकीचं आकर्षण कारवाईने संपत नाही. ज्या मुलाला रायफलचं वेड आहे त्याच्यासमोर दोन चित्रं असतात. एकात बंदूक हे वजन दाखवण्याचं साधन आहे, दुसऱ्यात ती जिम्नॅस्टच्या दोरीसारखं किंवा धावपटूच्या बुटासारखं खेळाचं सामान आहे. कोल्हापूरच्या मुलांनी दुसरं चित्र डोळ्यांसमोर पाहिलं, कारण तिथे नेमबाजांची परंपरा उभी राहिली. १० मीटरची एअर रायफल रेंज उभारायला मोठं मैदान लागत नाही, एक लांब बंदिस्त खोली पुरते. तालुक्याच्या शाळेत किंवा महाविद्यालयात ती होऊ शकते आणि त्यासाठी एकाही शस्त्र परवान्याची गरज पडत नाही.

थोडक्यात काय?

सेमी-ऑटोमॅटिक मार्क्समन रायफल हे युद्धाचं साधन आहे. भारतात ती नागरिकाला बंद आहे आणि टार्गेट नेमबाजीत ती आवश्यकही नाही. खेळाचा रस्ता एअर रायफलपासून सुरू होतो, क्लबमधून जातो आणि पॉइंट २२ वर स्थिरावतो. त्या रस्त्यावर कायदा खेळाडूच्या बाजूने उभा आहे.

पुढच्या वेळी हजार मीटरच्या नेमाचा व्हिडिओ पाहून 'ही कुठे मिळेल?' असा प्रश्न मनात आला, तर त्याऐवजी 'जवळचा रायफल क्लब कुठे आहे?' असा शोध घ्या. आणि तुमच्या तालुक्यात तो नसेल, तर आमदार-खासदारांना निवेदन देताना रस्ते-पाण्यासोबत एका एअर रायफल रेंजचीही मागणी लिहा.